मी पाडलेला स्लॅब

गोंदियात मला 'नक्शेवाली' म्हणत. टांगेवाले, लाकडाच्या वखारीतले, कचेरीतले कारकून, सगळेच. आर्किटेक्ट हा शब्द तिथं कुणाच्या तोंडात बसला नाही. वास्तुविशारद म्हणावं, तर माणसं वास्तुशांतीच्या मुहूर्ताची चौकशी करायला लागत. शेवटी मीच दारावरच्या पाटीवर 'घरांचे व इमारतींचे नकाशे' असं लिहून घेतलं आणि प्रश्न मिटवला.

पण नकाशा काढणं हा या कामाचा अर्धाच भाग. घर मिस्त्री बांधतो, माणसं आणि माल ठेकेदार आणतो, मग तुम्ही काय करता, असं मला शेकडो वेळा विचारलं गेलं आहे. माझं उत्तर असं की, मालकाला काय हवं आहे ते मी कागदावर काढते आणि कागदावर काढलेलं तसंच उभं राहतं की नाही ते बघते. पहिल्या कामात सगळे हसून बोलतात. दुसऱ्या कामात भांडणं होतात. मी जे सांगणार आहे ते या दुसऱ्या कामातलं आहे.

मुंबईला मी वास्तुकला शिकले. आमच्या वर्गात मुली अगदी थोड्या. स्वातंत्र्य मिळालं तेव्हा माझं शेवटचं वर्ष चालू होतं आणि आता सगळा देश नव्यानं बांधायचा आहे, तोही आपणच, अशी आमची खात्री होती. फोर्टातल्या एका कचेरीत मी दीड वर्ष खिडक्या आणि जिने काढले. मग तार आली. माझे वडील रेल्वेत ड्राफ्ट्समन होते. त्यांची उजवी बाजू लुळी पडली होती. पंधरा दिवसांसाठी म्हणून मी गोंदियाला आले. आल्यावर पाहिलं तर त्यांचं ड्रॉइंगचं टेबल खिडकीपाशी तसंच होतं, आणि ते रोज सकाळी त्याच्यासमोर जाऊन बसत. डाव्या हातानं पेन्सिल धरून बघत. मी पंधरा दिवसांनी परत गेले नाही. त्याच टेबलावर माझी कचेरी सुरू झाली.

पहिलं मोठं काम एका विडीच्या व्यापाऱ्याच्या बंगल्याचं. शेठजींना 'बंबई जैसा' बंगला हवा होता आणि माझ्या डोक्यात मुंबईशिवाय दुसरं काही नव्हतं. सपाट छत, पांढऱ्या उघड्या भिंती, कोपऱ्याला वळण घेणारी लांबलचक काचेची खिडकी. गावभर नाव झालं. लोक जेवून रात्री फेरफटका मारायला म्हणून तो बंगला बघायला येत.

पुढच्या मे महिन्यात शेठाणीनं मला बोलावून घेतलं. मला त्या काचेच्या खिडकीशेजारी खुर्चीत बसवलं आणि स्वतः समोर उभी राहिली. दुपारचे तीन वाजले असतील. दहा मिनिटांत माझं पोलकं भिजून अंगाला चिकटलं.

"बेटी, बंगला फोटू में अच्छा है," ती म्हणाली. "पर रहना तो हमको फोटू में नहीं है ना."

मग तिनं मला वर नेलं. माझ्या सपाट गच्चीवर तिनं बांबू रोवून गवताचं छप्पर घातलं होतं. स्वयंपाक अंगणातल्या झाडाखाली चालला होता. मला तेव्हा कानफटात बसल्यासारखं झालं. पण त्या बाईनं मला बोलावलं ते शिव्या द्यायला नव्हे, दुरुस्त करून घ्यायला. पश्चिमेला मी खोल पडवी काढली, काचेवर लाकडी झडपा बसवल्या, भिंतींवर कौलांचे रुंद पाखे आणले. बंगल्याचं मुंबईपण गेलं. शेठाणी आत स्वयंपाक करायला लागली. सूर्य कुठून येतो आणि पाऊस कुठून झोडपतो हे मुंबईच्या पुस्तकातून नव्हे, त्या गावात उभं राहून बघायचं असतं, हे मला तिथं कळलं. उशिरा कळलं, पण पक्कं कळलं.

ती पडवी पाहूनच बकाराम पाटील माझ्याकडे आले.

पाटील धान घेऊन गोंदियाच्या गिरणीवर आले होते. त्यांचं गाव सौंदड आणि नवेगाव बांध यांच्या मधलं. गावाचं नाव मी लिहीत नाही, कारण ती घरं आणि ती माणसं अजून तिथं आहेत. पाटील जातीनं कोहळी. तिकडचे जुने तलाव या लोकांच्या पूर्वजांनी बांधले, आणि जमिनीचा उतार त्यांना नुसत्या चालण्यातून कळतो. उंच, वाळलेला म्हातारा, खांद्यावर दुपट्टा. दारातूनच त्यांनी विचारलं, "ते शेठच्या घरची पडवी कोनं काहाडली?"

"मी."

"बाईनं?" त्यांनी आत येऊन खुर्ची ओढली. "बरं, बाई तं बाई. आमाले बाळंतिणीचा दवाखाना बांधाचा हाय. जागा मी देतो. चार गावं मिळून काम करून रायली. सरकार नर्सबाई देतो म्हणते, पण आधी इमारत दाखवा म्हणते. तू नकाशा काहाडून दे."

तेव्हा आमचा भंडारा जिल्हा मध्य प्रदेशात होता आणि सरकारी कागद नागपूरला जात. सरकारकडे दवाखान्याचा एक ठरलेला नकाशा होता. तो मी पाटलांसमोर पसरला. त्यांनी तो फिरवला, पुन्हा फिरवला, आणि विचारलं, "पाणी कोन्या बाजूनं येते ते याच्यात कुठी हाय?"

नव्हतं. कुठल्याच नकाशात ते नव्हतं.

मग मी नॅरोगेजच्या छोट्या रेल्वेगाडीनं सौंदडला उतरून बैलगाडीनं त्यांच्या गावी गेले. जागा तलावाच्या खालच्या अंगाला, सपाट, मोकळी, रस्त्यालगत होती. मला पाहताक्षणी आवडली. पाटलांनी मात्र मान हलवली. ते मला तलावाच्या बांधाच्या, तिकडच्या भाषेत पाळीच्या, टोकापर्यंत घेऊन गेले आणि तिथून काठीनं हवेत एक वाकडी रेघ ओढत खाली आले.

"तलाव भरून सांडला का पाणी इथून जाते. दरसाल नाही जात. माह्या बापानं एकडाव पाह्यलं, मी एकडाव पाह्यलं. तू वरती चाल."

शंभर-सव्वाशे पावलं वर, मुरमाच्या उंचवट्यावर आम्ही खुंट्या ठोकल्या. इमारत कुठं उभी करायची हे माझ्या आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्या कुणी मला समजावून सांगितलं होतं, आणि ते बरोबर होतं.

आत काय असावं हे विचारायला मी गावातल्या बायकांकडे गेले. त्या हसायच्या, तोंडावर पदर घ्यायच्या. एक मात्र बोलली. पाटलांची सून, कौसल्या. वीस-बावीस वर्षांची, पहिला मुलगा कडेवर.

"याच्या वक्ती तीन दिस खोलीत होती मी," ती म्हणाली. "अंधारी खोली. सकाळ हाय का सांज, काहीच समजत नव्हतं. बाई, खिडकी खाली ठेवा. खाटेवर पडल्या पडल्या झाड दिसलं पायजे. आन रस्त्याच्या बाजूनं नोका ठेवू, मानसं आत डोकावतात."

मी वही काढली आणि तिच्यासमोरच ते काढलं. मागच्या बाजूला छोटं कुंपणाचं आवार, त्यावर उघडणाऱ्या, जमिनीपासून हातभरच वर असलेल्या रुंद खिडक्या. तिनं कागदाकडे बघून विचारलं, "आन मी सांगतलं तसंच करान?"

"तसंच."

"पाहू," ती म्हणाली. तिचा विश्वास बसला नव्हता.

छतावरून खरं भांडण झालं. मी उंच कौलारू छप्पर काढलं होतं, खालून वारा यावा आणि वरून जावा असं. गावकऱ्यांची सभा भरली तेव्हा एकजण उठून म्हणाला, "कवेलूचं घर तं आमच्या बकऱ्यायलेही हाय. दवाखान्याले सिमेटची छत पायजे. तू मुंबईची शिकलेली, आन आमाले कवेलू काऊन देऊन रायली?" मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. शेठाणीच्या सपाट छताखालची भट्टी मी त्यांना कशी समजावणार होते? शेवटी तोड निघाली. वॉर्डावर कौलं, पण बाळंतपणाच्या खोलीवर सिमेंटचा स्लॅब. कौलांतून धूळ पडते, उंदीर फिरतात. त्या एका खोलीला वर स्वच्छ छत हवंच होतं. शिवाय स्लॅबवर पाण्याची टाकी बसणार होती, म्हणजे आत नळाला पाणी. चार खांब, त्यावर स्लॅब, त्यावर भरलेली टाकी. आणि त्याच्या खाली खाट.

हे वजन लक्षात ठेवा.

ठेकेदार गोंदियाचे मुन्नालालजी. पानाचा डबा उघडून सगळ्यांपुढे धरणारे, मला 'बिटिया' म्हणणारे. माणूस वाईट नव्हता. दिवाळीनंतर धान कापणी उरकली आणि काम सुरू झालं. पाया, जोतं, भिंती, मी दर आठवड्याला जाऊन बघत होते. सिमेंट त्या काळी परमिटावर मिळे. अर्ज करायचा आणि वाट बघायची. चैत्रात ते आलं, पोत्यांवर ताडपत्री घालून ठेवलं, आणि मी मलेरियानं अंथरुणाला खिळले.

तीन आठवडे. त्या तीन आठवड्यांत मुन्नालालजींच्या घरी मुलीचं लग्न होतं. खांब आणि स्लॅब त्यांच्या मुकादमानं ओतून घेतले. ना मी हजर, ना ते.

वैशाखाच्या शेवटी मी उठून गेले तेव्हा खालचा लाकडी आधार काढलेला होता आणि स्लॅब डोक्यावर उभा होता. गावकरी खुशीत होते. मीही खूश झाले असते. पण खांबांना प्लास्टर झालेलं होतं. बाकी भिंती उघड्या, आणि खांब तेवढे गुळगुळीत. इतकी घाई कशाला?

काँक्रीट म्हणजे सिमेंट, रेती, गिट्टी आणि पाणी. ते नीट मिसळून, कांबीनं टोचून टोचून साच्यात बसवावं लागतं, नाहीतर आत हवा राहते. वाळल्यावर बाहेरून खांब दिसतो, आतून मधाचं पोळं असतं. प्लास्टर चढवलं की दिसतही नाही. पण ऐकू येतं. मी हातोडी घेतली. दोन खांब टणटण वाजले. मागचे दोन बद्द वाजले. मी मिस्त्रीकडून छिन्नी घेतली आणि कमरेच्या उंचीवर प्लास्टर फोडलं. गिट्टी ओंजळीत गळून आली. आतली सळई उघडी पडली होती आणि बोटानं खरवडलं की मातट रेती निघत होती. जवळच्या नाल्यातली गाळाची रेती.

मुन्नालालजींना निरोप गेला. दुसऱ्या दिवशी ते आले आणि त्यांनी फोडलेला खांब पाहिला.

"बिटिया, इतनी सी बात. अंदर से भर देंगे, ऊपर से फिर प्लास्टर. हाथी खड़ा कर दो, कुछ नहीं होगा."

"आप खड़े रहेंगे इसके नीचे? टाकी भरके?"

ते स्लॅबखालून बाहेर आले.

खांब पाडायचे म्हणजे त्यावरचा स्लॅबही पाडायचा. स्लॅब गेला म्हणजे परमिटाचं सिमेंट गेलं. पुन्हा अर्ज, पुन्हा नागपूर, आणि पाऊस पंधरा-वीस दिवसांवर. इमारत पुरी झाल्याशिवाय नर्स येणार नव्हती. म्हणजे आणखी एक पावसाळा त्या चार गावांत दवाखाना नसणार होता.

मी गोंदियाला परत आले. खरं सांगायचं तर पळून आले. वडिलांसमोर बसून सगळं सांगितलं. त्यांना बोलणं अवघड जाई, एकेक शब्द वेगळा काढत.

"तुझी खात्री आहे? खांब वाईट आहेत?"

"हो."

"मग इथं कशाला आलीस?"

सकाळच्या गाडीनं मी परत सौंदडला उतरले.

शाळेच्या ओट्यावर पंचांची सभा बसली. बायका मागं भिंतीला टेकून उभ्या. मी सगळं सांगितलं. कुणी म्हणालं, बाईले आराम नाही, आजारानं डोकं फिरलं. कुणी म्हणालं, लिंपून टाका. सगळ्यांचं बोलून झाल्यावर बकाराम पाटील उठले. मग त्यांनी मला विचारलं, "पडन का ते?"

"सांगता येत नाही. दहा वर्षं उभे राहतील. नाहीतर टाकी भरली त्या दिवशी बसतील."

"म्हंजे तुले माईत नाही."

"नाही माहीत. पण मी काढलेल्या छताखाली बाई खाटेवर पडलेली असताना मला ते बघत बसायचं नाही."

पाटील म्हणाले, "तलावाच्या पाळीत उंदराचं बीळ दिसलं तं आमी पाळ फुटाची वाट पाहून रायतो का? तवाच खंदतो. पाडा."

सभा उठली. बायकांतून जाताना कौसल्या समोर आली. तिला दिवस गेले होते हे मला तेव्हा दिसलं. सहावा-सातवा महिना असेल. ती हसतच म्हणाली, "मंग आता मी पावसाळ्यात कुठी जाऊ, बाई?"

त्याच दिवशी मी नागपूरचा अर्ज लिहायला घेतला.

पाडायला सहा दिवस लागले. मुन्नालालजी स्वतः उभे होते. मागचा खांब मधून तुटला तेव्हा ते वाकले, पोकळीत हात घातला, आणि हात मनगटापर्यंत आत गेला. ते तसेच वाकून राहिले. "बिटिया, इसमें तो हाथ जाता है," एवढंच म्हणाले. त्यानंतर त्यांनी माझ्याशी कधी वाद घातला नाही. पानाचा डबाही त्या दिवशी उघडला नाही.

मी नागपूरला गेले. एका कचेरीत चार दिवस बाकावर बसले. कारकुनानं विचारलं, "दिलेलं सिमेंट पाडून टाकलंत आणि पुन्हा मागता?" मी म्हटलं, हो, तेच करते आहे. साहेबांची भेट झाली. अर्ज घेतला गेला, पण सिमेंट दसऱ्यानंतर. मी दुसरी विनंती केली, की कौलारू वॉर्ड तयार आहे, तोवर तिथं नर्स पाठवा. अपूर्ण इमारतीत नेमणूक होत नाही, असं उत्तर मिळालं. मी आणखी एक पत्र लिहिलं, मग आणखी एक. पाऊस सुरू झाला.

श्रावणात मुन्नालालजी एका सकाळी माझ्या दारात आले आणि चप्पल न काढता तसेच उभे राहिले. कौसल्या गेली होती. पहाटेपासून अडली, सुईणीनं हात टेकले. उजाडल्यावर गाडी जुंपून तिला सौंदडच्या वाटेनं काढलं. मधल्या नाल्याला पूर होता. अलीकडच्या काठावर, गाडीतच, दुपारपर्यंत ती गेली. पोटातलं मूलही गेलं.

मी गेले. जायला नको, असं आई म्हणाली. पण मी गेले. पाटलांच्या अंगणात बायका बसलेल्या होत्या. त्यातली एक मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "ते खोली असती तं वाचली असती पोरगी." कौसल्याचा नवरा शिवराम मला बघून मागच्या दारानं निघून गेला.

पाटील तलावाच्या पाळीवर होते. मी त्यांच्याशेजारी जाऊन उभी राहिले. पाणी काठोकाठ होतं. मी रडायला लागले.

ते माझ्याकडे न बघता बोलले. "नर्सबाई असती, खोली असती, तं वाचली असती का? मले माईत नाही. तुले माईत हाय?"

"नाही."

"ते खांब ठेवले असते तं पडले असते का?"

"माहीत नाही, पाटील."

"मंग कायले रडून रायली?" त्यांचा आवाज फाटला, पण त्यांनी तो सावरला. "सिमेट कवा येते ते सांग."

दसरा झाला आणि सिमेंट आलं. मी गावात एक खोली घेतली आणि काम पुरं होईस्तोवर तिथंच राहिले. गोंदियातली दोन कामं हातची गेली, जाऊ दिली. रेती या वेळी चुलबंद नदीची आणली. पाटलांनी स्वतः पात्रात उतरून कुठली घ्यायची ते दाखवलं. ज्या बायका अंगणात बसल्या होत्या त्यांनीच ती टोपल्यांनी तलावात धुतली. रेतीच्या गाड्या शिवराम हाकत होता. गाडी आणायची, रिकामी करायची, जायचं. एक शब्द नाही, एकदा वर पाहणं नाही. मी दोन-तीनदा बोलायचा प्रयत्न केला आणि मग सोडून दिला. तो हक्क त्याचा होता.

ओतकामाच्या दिवशी प्रत्येक घमेलं माझ्या डोळ्यांसमोरून गेलं. कांब मी स्वतः हातात घेतली. मुन्नालालजी दुसऱ्या खांबाला. वीस दिवस गोणपाट भिजवून खांबांना गुंडाळून ठेवलं, सकाळ-संध्याकाळ पाणी घातलं. आधार काढला तेव्हा मी कुणालाही प्लास्टरला हात लावू दिला नाही. पाटील आले, त्यांनी काठीचं लोखंडी टोक चारही खांबांवर आपटलं, प्रत्येकाला कान लावून ऐकलं, आणि निघून गेले. कौसल्यानं सांगितल्या तशाच खिडक्या बसल्या, हातभर उंचीवर, मागच्या आवाराकडे तोंड करून.

या धंद्यात एक अडचण आहे. रोगी बरा झाला की डॉक्टरला कळतं. खटला जिंकला की वकिलाला कळतं. जे पाडून टाकलं ते पडणार होतं की नाही, हे आम्हाला कधीच कळत नाही. पुढं कितीतरी इमारती मी बांधल्या. काहींचं कौतुक झालं. पण कुणी माझ्या कामाचं बोलायला लागलं की मला आधी त्या दोन खांबांची आठवण होते, आणि मी बरोबर होते असं म्हणायला जीभ वळत नाही. चूक होते असंही म्हणता येत नाही. आजारी असताना, ताप अंगात असताना, काम थांबवून ठेवा असा एक निरोप मी पाठवू शकले असते. तो मी पाठवला नाही. एवढी चूक मात्र पक्की माझी आहे, आणि तिच्यात मुन्नालालजींनाही मी वाटेकरी करत नाही.

होळीच्या आधी नर्स आली. केरळची होती, मराठीचे चार शब्द येत होते तिला. उद्घाटनाला जिल्ह्याचे एक साहेब आले. त्याच्या आदल्या दिवशी पंच जमले, पाटीवर नाव काय घालायचं ते ठरवायला. एकजण म्हणाला, कौसल्याबाईचं नाव देऊ. सगळ्यांनी माना हलवल्या. मलाही तेच वाटत होतं. सगळे पाटलांकडे बघायला लागले.

"नाही," ते म्हणाले.

"काऊन, पाटील? तुमच्याच घरची—"

"माह्या घरची म्हणूनच सांगतो. इथं पोरी बाळंत व्हाले येतीन. पोटात कळा, आन दारात मेलेल्या बाईचं नाव वाचाचं? त्यायले भेव देता का तुमी?" ते उठले. "नुसतं 'बाळंतिणीचा दवाखाना' लिहा. लय झालं."

तसंच लिहिलं गेलं. उद्घाटन झालं, साहेबांचं भाषण झालं, चहा झाला. माणसं पांगली. मी पडवीत माझ्या पेटीत नकाशे गुंडाळून ठेवत होते. पाटील येऊन समोर उभे राहिले. बरोबर शिवराम होता. या वेळी तो निघून गेला नाही.

"पोरायच्या शाळेले छप्पर राह्यलं नाही," पाटील म्हणाले. "मागच्या पावसात बसलं. आता तेच काम काहाडतो. तू येतेस का?"

मी शिवरामकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता. मग त्यानं खाली वाकून माझी नकाशांची पेटी उचलली आणि मला सौंदडला न्यायला आलेल्या बैलगाडीकडे न जाता तो गावाच्या दिशेनं चालू लागला.

मी पाटलांना म्हटलं, "चला. जागा दाखवा."